क्वार्टरबॅकच्या डोक्याची परीक्षा

केसलर गावात रॉइस टिट्केला नावं ठेवणारा माणूस अजून जन्मायचाय. शाळेच्या अमेरिकन फुटबॉल संघाचा क्वार्टरबॅक, म्हणजे प्रत्येक डाव सांगणार हाच आणि चेंडू फेकणारही हाच. वर वर्गात पहिला. गणिताच्या बाई म्हणायच्या, "बाकीच्यांचं नुसतं हेल्मेट असतं, ह्याच्या आत डोकंही आहे." विद्यापीठाने शिष्यवृत्ती दिली. तिथे चार वर्षं खेळला, औषधशास्त्राची पदवी घेतली, आणि ओमाहातली चांगली नोकरी नाकारून गावात औषधांचं दुकान टाकलं. चाळीस मैलांत दुसरं दुकान नाही. कोणाला कुठली गोळी चालत नाही, सगळं तोंडपाठ. शुक्रवारी शाळेच्या सामन्याला माइकवरून खेळाडूंची नावं पुकारणाराही हाच!

ह्या सप्टेंबरात मात्र घोळ झाला. डॅरन नावाच्या पोराने चेंडू पकडला, शेजारच्याने रॉइसच्या कानात नाव सांगितलं आणि रॉइसने माइकवर ठणकावून सांगितलं, "वॉरन!" वॉरन म्हणजे त्या पोराचा आजोबा, जाऊन सहा वर्षं झालेली. अख्खं मैदान माइककडे वळून बघू लागलं. सोमवारी दुकानात म्हाताऱ्या आयलीनबाईंनी एक विचारलं, ह्याने भलतंच उत्तर दिलं. बाईंची नजर त्याला बरोबर कळली.

रॉइस हादरला. डोक्याला मार खाल्लेल्या खेळाडूंचं पुढे काय होतं, हे त्याने पुष्कळ वाचलं होतं. बायकोला, मार्लिसला, तो म्हणाला, "तपासणीत काही निघालं तर दुकान बंद. चुकीची गोळी एकदा दिली तरी पुरते."

"आधी तपासून तर ये. लगेच सुतक कशाला?" मार्लिस म्हणाली.

मार्लिस शाळेत शिकवायची, तिला सुट्टी मिळेना, म्हणून तपासणीला न्यायला गॉर्डी वोपाट गाडी घेऊन आला. गॉर्डी त्याच संघातला सेंटर, दर डावाला खाली वाकून पायांमधून रॉइसच्या हातात चेंडू देणारा. "तीन वर्षं तुझ्यापुढे वाकलो, आता तुझा ड्रायव्हरही झालो," वाटेत त्याने टोमणा मारला. रॉइस हसला नाही.

डोक्याचं स्कॅन आदल्या आठवड्यातच झालं होतं. आज डॉक्टरीणबाईंनी शब्द लक्षात ठेवायला लावले, आकडे उलटे म्हणवले, कानांना यंत्र लावून आवाज ऐकवले. मग विचारलं, "डोक्याला कधी मोठा मार?"

रॉइसने मान खाली घातली. "शाळेतली शेवटची फायनल. शेवटची बारा मिनिटं मला आठवतच नाहीत. गाव तीस वर्षं तो विजय रंगवून सांगतंय आणि मी आपला मान डोलावतोय." मार्लिसलाही त्याने हे कधी सांगितलं नव्हतं.

बाई कागद घेऊन बाहेर गेल्या.

"मला माहीत होतं," शेजारी बसलेला गॉर्डी म्हणाला.

"काय?"

"त्या मारानंतर आपण घोळक्यात डाव ठरवायला जमलो, तर तू विचारलंस, गणिताचा पेपर कधी आहे? मग डाव मीच सांगितले. तू नुसता फेकत होतास."

"आणि इतकी वर्षं बोलला नाहीस?"

"कुठल्या तोंडाने बोलू? तुला बाहेर काढायला हवं होतं, लेका. मी नाही काढलं. जिंकायचं होतं मला. तेव्हापासून तुझ्या तोंडून एक नाव चुकलं तरी वाटतं, हे माझ्यामुळेच."

तेवढ्यात बाई परत आल्या.

"डोकं ठणठणीत आहे. स्मरणशक्ती तर माझ्यापेक्षा बरी. लहानपणी कापणीच्या धडधडत्या यंत्रावर बसायचात का?"

"दर उन्हाळ्यात."

"तरीच! कान गेलेत तुमचे. बारीक आवाज निम्मेही ऐकू येत नाहीत, म्हणून भलतंच ऐकता. कानात यंत्र घाला, दुकान खुशाल चालवा."

रॉइसच्या जिवात जीव आला. खुर्चीत तो असा सैलावला, की बाईंनी पाणी पुढे केलं. शेजारी सव्वाशे किलोचा गॉर्डी तोंड ओंजळीत लपवून ढसाढसा रडत होता आणि ओंजळीतच काहीतरी पुटपुटत होता.

"काय म्हणतोस? मोठ्याने बोल," रॉइस म्हणाला.

"माफ कर म्हणतोय, बहिऱ्या!" गॉर्डी एवढ्याने ओरडला, की बाहेर बसलेली माणसं उठून उभी राहिली.

"केलं," रॉइस म्हणाला.