भिंतीच्या खाली काय हाय?

रघुनाथ मिस्त्री गेल्याचा फोन त्यांच्या गावाहून, कुडपणहून आला तेव्हा मी महाडला एका साइटवर जिन्याचीच भिंत आखून देत होते... हातातला खडू हातातच राहिला. वीस वर्षं मी आखलेल्या भिंती त्यांनी उभ्या केल्या, आणि इंजिनिअर असून भिंतीबद्दलची सगळ्यात मोठी गोष्ट मी त्यांच्याकडूनच शिकले.

आमचं पहिलंच काम एका डॉक्टरांच्या तीन मजली दवाखान्याचं. आग लागली तर पेशंटना सुखरूप उतरता यावं म्हणून जिन्याभोवती दोन तास आग अडवणारी विटांची भिंत होती. पण डॉक्टरांना तळमजल्यावर औषधाच्या दुकानाला रुंद जागा हवी होती, म्हणून वरच्या मजल्यांवर जिना बाजूला सरकवला आणि त्याच्या एका भिंतीखाली भिंतच उरली नाही. मी ती उघड्या लोखंडी गर्डरवर घेतली. वजनाचा हिशेब चोख होता. मिस्त्रींची सवय अशी, की काम धरण्याआधी आधारावर तळहात मारायचे आणि विचारायचे, "हिच्या खाली काय हाय?" गर्डर पाहून त्यांनी एक वीटही लावली नाही.

मला रागच आला. नकाशा मी काढायचा आणि अक्कल यांनी शिकवायची! तुम्ही फक्त विटा लावा, असं मी फटकन म्हणून गेले. ते विटांच्या थप्पीवर बसले आणि लहानपणचं सांगू लागले. त्यांच्या घरात चुलीमागची भिंत गोठ्यावरच्या लाकडी तुळईवर चढवलेली होती. एकदा गोठ्यातल्या पेंढ्याने पेट घेतला. भिंतीला काहीच झालं नाही, तुळई जळली आणि धडधाकट भिंत गोठ्याच्या दारातच आडवी झाली. आत दोन म्हशी होत्या... तेव्हापासून त्यांच्या वाडीत चुलीची भिंत जोत्यावरूनच उचलतात.

"ताई, लोखंड जळत नाय, पण वाकतं. भिंत दोन तास टिकंल, पण खालचा गर्डर तिच्या आधी बसला तर माणसं उतरायची कुठून?"

घरी जाऊन पुस्तक उघडलं. भिंत जितका वेळ आग सोसणार, तितकाच वेळ तिच्या आधारानेही सोसली पाहिजे, हे त्यात लिहिलेलं होतं. मी वाचलेलंही होतं, पण वजनाच्या पुढे माझं डोकं गेलंच नव्हतं. मग गर्डरला जाळी बांधून तो काँक्रीटमध्ये पुरता झाकला, म्हणजे आगीची आच दोन तास लोखंडापर्यंत पोचणार नाही. काम तीन आठवडे लांबलं. डॉक्टर बघायला आले तेव्हा मी ऐटीत सांगितलं, डिझाइन मी सुधारलंय. मिस्त्री शेजारीच थापी धूत होते. त्यांनी ती पुसून पिशवीत ठेवली. मी पुढे कधी कबूल केलं नाही, उद्या बोलू म्हणत राहिले. त्याची मला लाज वाटते.

तेराव्यानंतर मी त्या दवाखान्यात गेले. डॉक्टर आता थकलेत. ती सुधारणा माझी नव्हती, मिस्त्रींची होती, असं त्यांना सांगून टाकलं. ते म्हणाले,

"अहो, तो तर तेव्हा मला भलतंच सांगून गेला होता. म्हणाला, उशीर माझ्या चुकीनं झाला, ताईंना काय बोलू नका."

त्या जिन्यात आजवर आग लागलेली नाही, लागूही नये. मी खाली दुकानात गेले, स्टूल मागून घेतलं आणि वर चढून गर्डरभोवतीच्या त्या काँक्रीटवर तळहात मारला. काय बघताय मॅडम, दुकानदाराने विचारलं.

म्हटलं, आमच्या मिस्त्रींचं काम.