गुरुवारची पिशवी

जानेवारीतला तिसरा रविवार, सकाळी दहा. काकींना जाऊन सतरा दिवस झाले होते. हजर: बेंगळुरूहून आलेली त्यांची मुलगी, मी, माझा नवरा, समोरच्या घरातले निवृत्त मास्तर आणि शेवटच्या घरातली वहिनी, कडेवर दीड वर्षाची मुलगी. ठिकाण: मुलुंडला आमच्याच मजल्यावरचं काकींचं घर. काम: घर आवरणे.

मी फाइल घेऊन गेले होते. गॅस, वीजमीटर, सोसायटीचं पत्र, औषधं कुणाला द्यायची, असं सगळं लिहून. अशी कामं मला जमतात. ऑफिसातही तेच करते, घरीही तेच.

काकी एकट्या राहायच्या. वय एक्क्याऐंशी. मूळच्या मालवणकडच्या, यजमान गिरणीत होते, ते जाऊन बरीच वर्षं झाली होती. त्यांच्या दाराच्या कडीला एक कापडी पिशवी लटकलेली असायची. दूधवाला पहाटे तिच्यात दूध टाकायचा आणि काकी सहाच्या सुमाराला ती आत घ्यायच्या. सात वाजले तरी पिशवी बाहेरच दिसली, की मजल्यावरचं जे कोणी खाली निघालेलं असेल ते बेल वाजवायचं. हे कुणी ठरवलं नव्हतं. तसंच चालत आलं होतं.

गेल्या पावसाळ्यात काकींना सर्दी झाली आणि एका सकाळी अर्ध्या तासात मास्तर, वहिनी आणि मी अशा तिघांनीही बेल वाजवली. तिसरी मी. दार उघडून म्हणाल्या, "मियां जिती आसय गो! हयातीचो दाखलो व्हयो काय तुमका?"

आम्ही खूप हसलो. मग मी घरी आले आणि तक्ता केला. सोमवार, बुधवार, शनिवार मी. मंगळवार, शुक्रवार मास्तर. गुरुवार, रविवार वहिनी. ज्याचा वार त्याने पिशवी बघायची आणि मजल्याच्या ग्रुपवर बरोबरची खूण टाकायची. जादा किल्ली माझ्याकडे, दारामागच्या खुंटीला. सगळ्यांना पटलं. काकींनाही एक प्रत दिली. "झकास," असं म्हणाल्या, पण जरा वेळाने विचारलं, "म्हणजे मंगळवारी तू येवचंस नाय?"

तो गुरुवार. सकाळी सात वीसला मी ऑफिसच्या बससाठी निघाले. पिशवी कडीला होती. लिफ्ट आलेली होती. मी पिशवी पाहिली, आज गुरुवार, असं मनात म्हटलं आणि लिफ्टमध्ये शिरले. दार चार पावलांवर होतं. किल्ली माझ्याच घरात होती. घाईही नव्हती, बस साडेसातची होती. तक्ता नसता तर मी बेल वाजवली असती. याबद्दल मला शंका नाही, आणि तेच मला झोपू देत नाही.

बसमध्ये बसल्यावर ग्रुपवर लिहिलं: "आज ज्यांचा वार आहे त्यांनी कृपया लक्ष द्यावे."

वहिनीने ते वाचलंच नाही. तिची मुलगी तापाने फणफणली होती, ती साडेसहालाच डॉक्टरकडे पळाली होती आणि नवरा नाशिकला होता. मास्तर शुक्रवारचे. संध्याकाळी सव्वासहाला मी परत आले तर पिशवी तशीच, आतलं दूध फुगलेलं. मी किल्ली आणली. काकी स्वयंपाकघराच्या उंबऱ्यात होत्या. डॉक्टर म्हणाले, सकाळीच पडल्या असाव्यात. दुपारपर्यंत जीव असावा.

घर आवरायच्या रविवारी आम्ही डबे उतरवत होतो तेव्हा वहिनी एकदम म्हणाली, "माझा वार होता, ताई." काकींच्या मुलीला उद्देशून. "माझा वार होता. मी बघितलंच नाही."

मुलगी तिच्याजवळ गेली. "अगं, तुझं लेकरू आजारी होतं. नको असं बोलूस."

"पण ह्यांनी आठवण पण केलेली," वहिनीने माझ्याकडे बोट केलं. "सकाळीच मेसेज टाकलेला ह्यांनी. मीच नाही बघितला."

"ताईंचं काम चोख असतं," मास्तर माझ्याकडे बघत म्हणाले.

मी फाइल बंद केली. आठवण करून द्यावी असं मला त्याच सकाळी का वाटलं, हे कुणी विचारलं नाही. एरवी मी कधीच असा मेसेज टाकत नाही. तो ग्रुपवर अजून आहे, कुणीही वाचावा.

फ्रिजच्या दारावर माझा तक्ता चिकटवलेला होता. काकींच्या मुलीने तो काढला. प्रत्येक वारासमोर काकींनी पेन्सिलीने काहीबाही लिहिलं होतं. वहिनीच्या गुरुवारसमोर: "बाळाचे दात. विचारणे." मास्तरांच्या मंगळवारी: "गुडघा." माझ्या बुधवारसमोर: "हिची आई आजारी. हिला बसवून चहा देणे."

त्या बुधवारांपैकी एकाही बुधवारी मी बसले नव्हते. पिशवी आत गेलेली दिसली की खूण टाकायची आणि निघायचं.

"किती बघायचात तुम्ही तिच्याकडे," मुलगी म्हणाली. तिने तो कागद घडी करून पर्समध्ये ठेवला. मी किल्ली पुढे केली तर म्हणाली, "राहू दे तुमच्याकडेच. तुमच्याइतकं भरवशाचं इथे कोण आहे?"

घरी आल्यावर नवऱ्याला सगळं सांगितलं. तो म्हणाला, "आता सांगून काकी परत येणार आहेत का?"

"काकी नाही रे. पण वहिनी रोज मरतेय."

"मग जा ना. दोन दारं सोडून तर राहते."

दोनदा गेले. पहिल्यांदा वहिनीने दार उघडलं, "या ना ताई" म्हणाली, आणि मी तिला बाळाच्या दातांचं विचारून परत आले. दुसऱ्यांदा बेलपर्यंत हात गेलाच नाही. हल्ली ती रोज सकाळी मुलीला कडेवर घेऊन मजल्यावरची सगळी दारं बघते. मास्तरांची बेल वाजवते, आमचीही वाजवते. आम्ही दिसलो की मान हलवते आणि जाते.

त्या रविवारच्या यादीत नऊ कामं होती. गॅस झाला, मीटर झाला, सोसायटीचं पत्र झालं, औषधं दवाखान्यात दिली. आठ कामांसमोर खूण आहे. नववं मी त्याच रात्री खाली लिहिलं होतं: वहिनीला सांगणे, मी पिशवी पाहिली होती.