खुराड्यातला कंदील

आमचे मालक मुंबईच्या गिरणीतून खोकला घेऊन माण तालुक्यातल्या आमच्या गावी परत आले, तेव्हा लढाई चालू होती. साताऱ्याच्या डॉक्टरांनी छाती तपासून क्षय सांगितला. मोकळ्या हवेत झोपवा, दूध द्या, रोज दोन अंडी द्या, म्हणाले. आमच्या शेळ्या आटलेल्या, दूध कुठून आणणार? माझ्या अकरा कोंबड्या मात्र होत्या. निदान अंड्यांची चिंता नाही, असं मला वाटलं.

पौष लागला आणि कोंबड्यांनी अंडी देणं जवळजवळ सोडलंच. दोन दिवसांत एखादं मिळायचं. खुराड्यातला पेंढा चाचपून मी रिकाम्या हातानं परत यायची आणि कोंबड्यांना शिव्या घालायची. त्या आपल्या निवांत माती उकरत असायच्या.

धाकटा दीर पलटणीतून रजेवर आला होता. त्यानं सांगितलं, साहेबांच्या मेसमागं कोंबड्या होत्या, तिथं थंडीत अंधार पडायच्या आत दिवा टांगायचे. दिवस मोठा आहे असं वाटून कोंबड्या खात राहतात आणि अंडी घालतात. सासूबाईंना हे पटलं नाही. दिवेलागणीला देवापुढं अंधार आणि कोंबड्यांपुढं उजेड, हे कुठलं शास्त्र, असं त्या पुटपुटल्या. मी कंदील पुसून खुराड्यात टांगला.

घरात कंदील एकच. रॉकेल कार्डावर मिळायचं, तेही दुकानात आलं तर. म्हणून चिमणीसुद्धा लावायची नाही, असं मीच ठरवलं. स्वयंपाक चुलीच्या उजेडात. जेवणं हाताच्या अंदाजानं. मालक पडवीत पडून असायचे, त्यांच्यापर्यंत चुलीचा उजेडही पोचत नसे.

पहिल्या दिवशी जेवणं उरकल्यावर मी कंदील विझवला आणि झोपले. सकाळी बघते तर निम्म्या कोंबड्या दांडीवर नव्हत्याच. खाली घाणीत, गारठ्यानं अंग फुगवून बसल्या होत्या. अंधारात कोंबडीला दिसत नाही, हे मला माहीत असायला हवं होतं. सूर्य हळूहळू मावळतो, तोवर त्या वर चढून बसतात. मी एका फुंकरीत त्यांचा दिवस संपवला होता. दिरानं टांगलेला दिवा तेवढा पाहिला होता, विझवल्यावर काय करतात ते पाहिलं नव्हतं.

मग रोजचंच झालं. दिवसभर सरकारी रस्त्यावर खडी फोडायची, येऊन भाकरी थापायच्या, कंदील विझवायचा आणि काळोखात चाचपत एकेक कोंबडी उचलून दांडीवर बसवायची. कधी दहाच लागायच्या हाताला. मग अकरावीसाठी वाकून कोपरे धुंडाळायचे. खडीनं फुटलेल्या बोटांना त्यांची नखं लागायची. कंबर सरळ होत नसे. त्या खुराड्यात मी कितीदा तरी नुसतीच उभी राहून रडले आहे, दुःखानं नव्हे, दमून.

पण पंधरा दिवसांत अंडी वाढली. रोज दोन, कधी तीन. मला जग जिंकल्यासारखं झालं.

एके दिवशी उकडलेलं अंडं घेऊन मी पडवीत गेले. मालकांनी अंधारात हात पुढं केला, तो माझ्या हाताला चुकला आणि अंडं खाली मातीत पडलं. रागानं माझा तोल गेला. मी कुणासाठी मरतीया, असं बरंच काही मी बोलले. त्यांना खोकल्याची उबळ आली.

मग म्हणाले, "दिसभर तू खडीवर. सांज झाली की कंदील तिकडं. म्हैना झाला, तुजं तोंड बघितलं न्हाई मी. अंडं नसलं तरी चालंल. कंदील घिऊन हितं बस."

मी खुराड्यातून कंदील आणला आणि त्यांच्या उशाशी ठेवला. ते बराच वेळ बघत होते.

"लय वाळलीस गं," एवढंच म्हणाले.

त्यानंतर कंदील पडवीतच राहिला. आठ-दहा दिवसांत अंडी पुन्हा बंद झाली. मी ती गावात मागत फिरले, कधी मिळाली, कधी नाही. संध्याकाळी आम्ही बोलत बसायचो. ते गिरणीतल्या गमती सांगायचे, मी हसायची. शिमग्याच्या आधीच ते गेले.

सासूबाई पुढं कितीतरी वर्षं म्हणत राहिल्या, की कंदील खुराड्यातून काढला नसता तर माझा लेक वाचला असता. त्यांचं खरंही असेल, कोण सांगणार? पण मला रुखरुख आहे ती त्याच्या आधीच्या महिन्याची, जेव्हा ते अंधारात पडून होते आणि मी कोंबड्यांना उजेड दाखवत होते.