अक्काबाईचा आवाज

लताबाई लग्न होऊन सिन्नरजवळच्या खेड्यातून नाशकात आल्या. त्यांच्या तोंडून 'हाय', 'लय' निघालं की शेजारणी हसायच्या. लताबाईंनी शहरी बोलणं शिकून घेतलं आणि मग बोलणंच कमी केलं.

त्यांचे यजमान गोरक्षभाऊ यांचं पंचवटीत टेलरिंगचं दुकान होतं. शहाण्णव साली आमच्या केबलवाल्या दिनेशने लोकल चॅनल काढलं, तेव्हा भाऊ दोन कापडी बाहुल्या घेऊन आले. तोंडाळ अक्काबाई आणि तिचा नवरा झिपरू. दोघांचे आवाज भाऊच काढायचे. लताबाई टेबलामागे बसून एक बाहुली हलवायच्या. मी कॅमेरा धरायचो. शनिवारी संध्याकाळी हा कार्यक्रम थेट लागायचा आणि गल्लोगल्ली हशा ऐकू यायचा.

दोन हजार साली भाऊंच्या घशात गाठ निघाली. ऑपरेशनने जीव वाचला, आवाज गेला. दिनेशने त्या वेळेत गाणी लावायचं ठरवलं. पण बरं वाटू लागल्यावर एका शनिवारी दोघं बाहुल्या घेऊन हजर!

"वहिनी, बोलणार कोण?" दिनेशने विचारलं.

"मी बोलते," लताबाई म्हणाल्या.

अक्काबाई त्यांच्या हातात, झिपरू भाऊंच्या. कॅमेरा सुरू झाला. "नमस्कार मंडळी, आज आम्ही आपणांस..." शाळेतल्या भाषणासारखा सपाट, थरथरता आवाज. दिनेशने कपाळाला हात लावला. तेवढ्यात झिपरूने अक्काबाईचा पदर धरून जोरात ओढला. हे ठरलेलं नव्हतं.

"आरं सोड की मेल्या! लुगडं हाय का गोठ्यातलं दावं?"

इतकी वर्षं गिळलेली बोली एका दमात बाहेर पडली. मग त्या थांबल्याच नाहीत. हसून हसून माझा कॅमेरा हलत होता.

पुढे प्रेक्षक फोन करू लागले. एकदा एक बाई चिडून म्हणाल्या, "तुमचं हे गावंढळ बोलणं ऐकून मुलं बिघडतील."

लताबाईंनी अक्काबाईची मान हळूच वर केली. "ताई, ही माह्या आईची बोली हाय. ती ऐकून पोरं बिघडत असती, तर पयली मीच बिघडले असते."

पलीकडे त्या बाईही हसल्या आणि सुनेची तक्रार सांगू लागल्या.

पुढे घरोघरी मोठी चॅनलं आली, लोकल चॅनल बंद पडलं. ही जोडी मात्र एसटीने गावोगावच्या शाळांत जाऊ लागली. वणीच्या शाळेत मीही एकदा सोबत गेलो होतो. मुलं झिपरूला ओरडून म्हणत होती, "ए, तूपण बोल ना!"

अक्काबाईने त्याच्या खांद्यावर हात टाकला. "त्याला कशाला तरास देता? त्याचं मनातलं मला समदं कळतं. इचारा, काय इचारायचं त्ये."

मुलांनी लगेच विचारायला सुरुवात केली.