दिवा लागला की आवाज पोचला

खरखरकाकांचं खरं नाव गल्लीत कुणाला ठाऊक असेल तर शपथ. गिऱ्हाईक दुकानाची पायरी चढायचं तेच मुळी "काका, खरखर येते हो" असं म्हणत. स्पीकर असो, अॅम्प असो, गिटार असो, रड एकच. मग नाव दुसरं काय पडणार? आपल्याला हे नाव मुळीच आवडत नाही असं काका ज्याला त्याला सांगायचे, आणि दुकानाची पाटी रंगवायची वेळ आली तेव्हा त्यांनी हेच नाव मोठ्या अक्षरात रंगवून घेतलं. असा माणूस.

दुकान म्हणजे रस्त्यालगतची एक खोली. आत गेलं की सोल्डरिंगच्या झाळकामाचा वास. भिंतीवर टांगलेल्या गिटारी, त्यातल्या निम्म्यांच्या मालकांनी परत तोंड दाखवलेलं नाही. रस्त्यापलीकडे काकांचं घर, दुसऱ्या मजल्यावर. दुकानातल्या स्टुलावरून मान वर केली की घराची खिडकी समोर दिसायची. त्या खिडकीशी काकूंची खाट होती, आणि गेल्या हिवाळ्यापासून काकू त्या खाटेवरून उठलेल्या नव्हत्या.

या दोघांचं जमलं कसं, तेही ऐकून ठेवा. तरुणपणी काका एका बँडमध्ये गिटार वाजवायचे. तेव्हा गिटारीला लांबलचक वायर असायची. एका कार्यक्रमात काका ऐटीत पुढे आले, वायर पायात आली, आणि स्वारी स्टेजवरून थेट पहिल्या रांगेतल्या एका मुलीच्या पायाशी आपटली. गिटारीचा टवका उडाला. मुलगी पोट धरून हसली. तीच पुढे काकू झाली. "हे काही मला मागणी घालायला आले नव्हते, वायरीने आणून टाकले," असं त्या पाहुण्यांना सांगायच्या, आणि काका दर वेळी पहिल्यांदा ऐकल्यासारखे लाजायचे. बँड मोडला, बोटं आखडली, काकांनी दुरुस्तीचं दुकान टाकलं. मूलबाळ झालं नाही. टवका उडालेली ती गिटार मात्र त्यांनी कधी सोडली नाही.

काकू अंथरुणाला खिळल्या तशी काकांची ओढाताण सुरू झाली. दुकान उघडावं तर जीव वर, वर बसावं तर खाली गिऱ्हाईक बोंबलतंय. शेवटी एका गिऱ्हाइकाने नको म्हणून टाकून दिलेला वायरलेसचा जोड काकांनी दुरुस्त केला. दोन छोटे तुकडे. एक गिटारीच्या खाचेत खोचायचा, तो आवाज पाठवतो. दुसरा अॅम्पमध्ये खोचायचा, तो आवाज घेतो. मध्ये वायर नाही. छोटा अॅम्प काकूंच्या उशाशी ठेवला आणि गिटार दुकानात. हातातलं काम संपलं की काका मांडीवर गिटार घेऊन वाजवायचे. दुकानात नुसती तारांची किणकिण ऐकू यायची. खरा भरदार आवाज उमटायचा तो रस्त्यापलीकडे, काकूंच्या उशाशी.

"सुटलात बाई एकदाचे त्या वायरीतून," काकू पहिल्याच दिवशी म्हणाल्या.

"सुटतोय कुठला! आता तर वायर दिसतसुद्धा नाही, सोडवू कशी?" काका म्हणाले.

पण पाठवलेला आवाज पोचतो की नाही, हे खाली कळणार कसं? म्हणून दोघांनी ठरवलं. खाटेजवळच्या दिव्याचं बटण काकूंच्या हाताशी होतं. आवाज येतोय तोवर दिवा लावलेला ठेवायचा, आवाज थांबला की बंद. काका वाजवायला बसले की डोळे तारांवर नाहीत, खिडकीवर. भर दुपारी त्या खिडकीत पिवळा दिवा दिसला की काका जे खुलायचे! शेजारचा शिंपी म्हणायचा, "काका, दिवसाढवळ्या दिवा जाळता, आणि वर तोंडभर हसता. डॉक्टरला दाखवा."

डॉक्टर. तिथेच तर सगळं अडलं होतं. डॉक्टरांनी काकांना बाजूला घेऊन सांगितलं होतं की आम्ही हात टेकले, आता त्यांना दुखणार नाही एवढंच बघायचं. काकांनी ते पोटात ठेवलं. घरी येऊन म्हणाले, "औषध बदललंय. वेळ लागेल, पण उतार पडेल." दुसऱ्या दिवशी त्यांची धाकटी बहीण दुकानात आली आणि डॉक्टर काय म्हणाले ते विचारायला लागली. काका गिटार मांडीवर घेऊन बसले होते. त्यांनी ते सगळं बहिणीला सांगितलं, सांगताना गिटारीवर वाकून लहान पोरासारखे रडले, आणि तिच्याकडून वचन घेतलं, "हिला यातलं अक्षर कळता कामा नये. कळलं तर ही उद्याच हाय खाईल. माझ्यात बघायची ताकद नाही गं."

त्यानंतरच वायरलेसने त्रास द्यायला सुरुवात केली. काका एकटे वाजवत असले की दिवा छान तेवायचा. दुकानात कुणी आलं, वाजवता वाजवताच दोन शब्द झाले, की खिडकीतला दिवा गेलाच. माणूस गेलं की थोड्या वेळाने दिवा हजर. आता असली खोड म्हटल्यावर काका स्वस्थ बसतात होय? त्यांनी खापर फोडलं ते गिऱ्हाइकांच्या मोबाइलवर. दोघांच्या लहरी एकमेकींत अडकत असणार! दाराशी बिस्किटांचा पत्र्याचा डबा ठेवला आणि फर्मान काढलं, "फोन डब्यात टाका, मग तोंड उघडा." एकाने विचारलं, "काका, हे दुकान आहे की परीक्षेचं केंद्र?" काकांनी त्यालाही डबा दाखवला.

डब्याने काही फरक पडला नाही. मग संशय शिंप्याच्या वायफायवर गेला. त्याच्याशी भांडून ते बंद करायला लावलं, दिवा गेलाच. मग वाटलं, उभ्या माणसाच्या अंगाने वाट अडत असेल. गिऱ्हाइकांना भिंतीला चिकटून उभं करायला लागले. लोखंडी कपाट हलवलं, वायरलेसच्या दोन्ही तुकड्यांचे चॅनेल बदलून पाहिले, बॅटरी बदलली. आणि गंमत म्हणावी की दुर्दैव, गिटारीतल्या तुकड्यावरचा हिरवा दिवा या सगळ्या काळात एकदाही लुकलुकला नव्हता. हिरवा दिवा स्थिर म्हणजे जोडणी शाबूत, हे काकाच येणाऱ्या जाणाऱ्याला शिकवायचे. स्वतःच्या बाबतीत मात्र त्यांनी त्या दिव्यावर विश्वास ठेवला नाही.

शेवटी एका दुपारी बहीण आली तेव्हा काकांनी तिलाच कामाला लावलं. "तू इथे बस. गिटार मांडीवर घे, तारा छेडत राहा. कुणी आलं तर बोल त्याच्याशी. फॉल्ट पलीकडे आहे, मी वर जाऊन पकडतो."

काकूंनी त्यांना अवेळी दारात पाहिलं आणि त्या दचकल्या. "अहो, तुम्ही वर कसे?"

"तो फॉल्ट शोधायला."

"राहू द्या ना. कशाला त्याच्या मागे लागता?" काकू घाईघाईने म्हणाल्या. पण काका अॅम्पशी मांडी ठोकून बसलेसुद्धा.

बहिणीने तारा छेडल्या. तारांवरून मांजर चालत गेल्यासारखा तो आवाज, पण अगदी स्वच्छ. काका मान डोलवत होते. तेवढ्यात तारा थांबल्या आणि अॅम्पमधून एका गिऱ्हाइकाचा आवाज आला. जरा घुसमटलेला, पण शब्द न् शब्द कळणारा: "काका नाहीत का?" मग बहिणीचा: "वर गेलेत, वहिनीकडे." "कशा आहेत हो त्या आता?" आणि बहीण उत्तर द्यायच्या आत काकूंचा हात उशाशी गेला, न बघता, न चाचपडता, आणि त्यांनी अॅम्पचं बटण खाली फिरवलं. मग दुसऱ्या हाताने दिवा बंद केला. दोन्ही हात सवयीने चालले होते.

काकांना एकदम उलगडलं. जुनी गिटार होती ती. तारांखालचं पिकअप असतं ना, बारीक तारेचं वेटोळं, त्यात मेण भरलेलं असतं. वर्षं उलटली की ते मेण सुकतं, वेटोळं सैल पडतं, आणि मग त्या पिकअपला माणसाचं बोलणंसुद्धा ऐकू येतं. त्याच्यावर वाकून बोललं तर माइकच झाला म्हणायचा. लोकांच्या गिटारींत काकांनी कितीदा मेण भरलं असेल. स्वतःच्या गिटारीची वेळ आली की, "बघू सवडीने."

"कधीपासून ऐकतेस?" काकांनी विचारलं.

"वन्सं आल्या होत्या ना, डॉक्टरांचं विचारायला. तेव्हापासून."

"म्हणजे तुला सगळं..."

"सगळं. तुमचं रडणंसुद्धा. माझ्या उशाशीच रडलात की तुम्ही."

"मग बोलली का नाहीस?"

"तुम्ही इतकं जिवापाड लपवत होतात. म्हटलं, लपवू दे. त्यावरच उभे आहेत हे."

"आणि बटण का बंद करायचीस?"

"जो तो माझी चौकशी करायचा, आणि तुम्ही म्हणायचात, बरी आहे, सुधारतेय," काकू म्हणाल्या. "मला ऐकवत नव्हतं ते. खोटं बोलायचं तुम्हाला कधी जमलंच नाही हो, अगदी भिकार बोलता. आणि आवाज नसताना दिवा कसा ठेवू? आपलं ठरलंय ना."

काका उठून खाली आले. पळून आले म्हणा ना. बहिणीला घरी लावून दिलं, दुकानाचं दार लोटलं आणि गिटार मांडीवर घेऊन बसले. समोर खिडकी अंधारी होती. त्यांनी एक तार छेडली. दिवा लागला. मग काका पिकअपवर वाकले आणि बोलायला लागले. जे तोंडावर बोलता येत नव्हतं ते.

"ऐक. मला फार भीती वाटते. तू गेल्यावर मी घरात शिरू कसा, हेच कळत नाही मला. रोज सकाळी तुझा श्वास बघूनच मी उठतो. तू मला हसलीस ना तेव्हा, स्टेजखाली, ते मला लागलं होतं. मी कधी बोललो नाही. पण हसली नसतीस तर मी उठूनही उभा राहिलो नसतो. तू जाऊ नकोस गं. जाणार आहेस ते माहीत आहे मला. तरी जाऊ नकोस."

बोलताना त्यांचा आवाज फुटला, नाक वाहायला लागलं, मध्ये शिंप्याने दार ठोठावलं त्याला त्यांनी हाकलून दिलं. मान वर केली तेव्हा खिडकीत दिवा तसाच जळत होता. काका बोलून थकले, गप्प झाले, तेव्हा कुठे तो विझला.

पुढचे दिवस, खरं सांगायचं तर, दोघांच्या संसारातले सगळ्यात बोलके दिवस गेले. बिस्किटांचा डबा काकांनी काढून टाकला. कुणी तब्येतीचं विचारलं तर ते सरळ सांगायचे, "जायला निघालीय." लोक चरकायचे, पण दिवा जायचा नाही. काका वाजवायचे, मध्येच गिटारीशी बोलायचे, पुन्हा वाजवायचे. बहीण म्हणाली, "दादा, आता तरी त्यात मेण भर, रस्त्यावरचं सगळं वर जातंय." काका तिच्या अंगावर ओरडले, "हात लावशील तर बघ!" आणि मग स्वतःच ओशाळले.

एका सकाळी काकूंना गाढ झोप लागलेली होती. बऱ्याच दिवसांनी चेहऱ्यावर दुखणं नव्हतं. काकांनी नेहमीसारखा अॅम्प चालू केला, आवाज निम्म्यावर ठेवला, पांघरूण सारखं केलं आणि खाली आले. थोडी गिऱ्हाइकी उरकली. मग पायरीवर ऊन आलं तशी त्यांनी गिटार घेतली आणि स्टेजवरून पडले होते त्या दिवशीची धून वाजवायला घेतली.

दिवा लागला नाही.

झोपली असेल, म्हणत काकांनी पुन्हा सुरुवातीपासून वाजवलं, जरा जोरात. खिडकी अंधारीच. मग त्यांनी तुकडा काढून फुंकर मारून पुन्हा खोचला. बॅटरी बदलली. लोखंडी कपाट सरकवलं. शेजारी जाऊन शिंप्याला विचारलं, "तुझं वायफाय चालू आहे का रे?" त्याने नाही म्हटलं तर त्याच्यावर चिडले. हिरवा दिवा तर स्थिर. तेव्हा काकांनी चॅनेलच बदलला. चॅनेल बदलायचा तर दोन्ही टोकांना बदलावा लागतो, हे काय त्यांना सांगायला हवं? एकाच टोकाला बदलल्यावर हिरवा दिवा लुकलुकायला लागला आणि काकांना केवढं बरं वाटलं. "सापडला! फॉल्ट यातच आहे," असं ते मोठ्याने म्हणाले. थोडा वेळ ते त्या लुकलुकणाऱ्या दिव्याकडे बघत नुसते बसून राहिले. मग चॅनेल परत होता तिथे आणला. दिवा पुन्हा स्थिर झाला, हिरवागार. गिटार स्टुलावर ठेवून काका रस्ता ओलांडून वर गेले.

काकू खिडकीकडे कुशीवर वळलेल्या होत्या. हात उशाशी, अॅम्पवर. काकांनी निम्म्यावर ठेवलेलं बटण शेवटपर्यंत फिरवलेलं होतं. म्हणजे मध्ये जाग आली होती. दिव्यापर्यंत हात पोचला नव्हता.

काका खाटेच्या कडेवर बसले. तेवढ्यात अॅम्पमधून, खोलीभर घुमेल एवढ्या मोठ्याने, कुणाचा तरी आवाज आला. "काका, आहात का आत? जरा बघता का, खरखर येते हो. काका?"

काकांनी हात लांब केला आणि काकू करायच्या तसंच, न बघता, बटण खाली फिरवलं.