आत्याचा तांब्याचा पैसा

मित्रांनो, आज माझ्या घरातला समुद्र मेला.

हिंगोलीत खाऱ्या पाण्याची टाकी करतो म्हटल्यावर तुम्ही हसला होता. तीन वर्षं मीठ मोजून, आरओचं पाणी घालून मी त्यात प्रवाळ जगवलं.

गेले आठ दिवस प्रवाळ आखडत होतं, कोळंब्या मरत होत्या. मीठ, तापमान सगळं बराबर. आज टाकीतले दगड उचलले, तर खाली तांब्याचा जुना पैसा. तांबं या जिवांना विषच.

मागच्या आठवड्यात पुसेगावची आत्या आली होती. तिनं समुद्र कधी पाहिलेला नाही. टाकीसमोर हात जोडून बराच वेळ उभी होती.

मी तिला फोन लावला.

"व्हय, मीच टाकला," ती म्हणाली. "नदीला टाकतो, मग समुद्राला रिकाम्या हातानं काहून पाहू? तुझी टाकी अशीच भरलेली राहू दे म्हणलं. काई चुकलं का माझं?"

"न्हाई आत्या. बराबर केलं."

दिवाळीला ती पुन्हा येणार आहे, शेजारणींना समुद्र दाखवायला. तुम्हीच सांगा, काय दाखवू?