आठ सेकंदांची वाट

घाटंजी गावात एक जण रेडिओ दुरुस्त करी. रोज संध्याकाळी आपल्या हॅम, म्हणजे हौशी बिनतारी, सेटवरून तो एक संकेत पाठवी आणि बोट वर करून थांबे. मी भौतिकशास्त्राचा शिक्षक, कुतूहलाने विचारले.

"सर, कधी कधी माहाच संकेत आठ सेकंदानं वापस येते. बायको गेल्यापासून मले जबाब देनारं तेवढंच हाय."

"भ्रम आहे तो," मी चारचौघांत हसून म्हणालो.

पुढे वाचनात आले, की रेडिओलहरींचे प्रतिध्वनी क्वचित असे उशिरा परतल्याच्या नोंदी आहेत, बहुधा पृथ्वीच्या चुंबकीय आवरणातून. क्षमा मागायला गेलो, तर अँटेना उतरवलेली होती. तरी मी वाचलेले सांगितले.

"तुमी म्हनलं, म्हून सेट विकून टाकला. आता कायले सांगता, सर?"

सवयीने वर गेलेले बोट त्याने हळूच मुठीत मिटले.